एस.टी. बसगाड्यांची देखभाल आणि माहितीचा उपयोग

प्रस्तावना :
1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्राचे शिक्षण, बाजारहाट आणि दवाखाना या सेवेशी जोडले गेले आहेत. ज्या गावाला दिवसातून दोनच फेऱ्या आहेत, तेथील बस वाटेत बंद पडली तर विद्यार्थ्याचा तास बुडतो, प्रसंगी परीक्षाही हुकते. म्हणूनच बसगाड्यांची देखभाल हा केवळ तांत्रिक प्रश्न नसून सामाजिक प्रश्नही आहे. देखभालीच्या नोंदींचा निर्णयासाठी कसा उपयोग करता येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

देखभालीची रचना व नोंदी :
एस.टी.ची देखभाल तीन स्तरांवर चालते. आगारात नियमित तपासणी व किरकोळ दुरुस्ती होते, विभागीय कार्यशाळेत मोठी कामे होतात, तर दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत बसबांधणी व पुनर्बांधणी केली जाते. चालकाने सांगितलेला दोष, झालेली दुरुस्ती, बदललेला सुटा भाग, डिझेलचा खप आणि कापलेले अंतर ही या कामातील मूलभूत माहिती होय. या नोंदी एकमेकींपासून सुट्या राहिल्या तर त्यांतून फक्त हिशेब मिळतो. बसचा क्रमांक आणि धावलेले किलोमीटर या दोन दुव्यांनी त्या जोडल्या, की त्यांतून निदान करता येते.

सरासरीची मर्यादा :
वाटेतील बिघाडांचे प्रमाण दर 10,000 किलोमीटरमागे मोजण्याची पद्धत आहे. समजा, एका आगारातील 100 बसगाड्या महिन्यात एकूण 9,00,000 कि.मी. सारख्याच प्रमाणात धावल्या आणि 18 बिघाड झाले. हे प्रमाण 0.20 येते व समाधानकारक वाटते. परंतु त्यांपैकी 10 बिघाड चारच गाड्यांचे असतील, तर त्या चार गाड्यांचे प्रमाण सुमारे 2.78 आणि उरलेल्या 96 गाड्यांचे सुमारे 0.09 ठरते. एका महिन्यात हा योगायोगही असू शकतो. मात्र सलग काही महिने त्याच गाड्या पुढे येत राहिल्या, तर दोष सर्वसाधारण देखभालीत नसून त्या गाड्यांच्या अपुऱ्या दुरुस्तीत आहे, असा तर्क बळावतो.

सुटा भाग केव्हा बदलावा ? :
एखादा पट्टा बहुतेक वेळा 35,000 ते 45,000 कि.मी. दरम्यान तुटतो असे नोंदींवरून दिसले, तर तो 30,000 कि.मी.ला बदलणे हिताचे ठरते. याउलट बिघाड कोणत्याही अंतरावर होत असतील, तर मुदतीने भाग बदलल्याने फक्त खर्च वाढतो. तेथे बसवण्याची पद्धत, सुट्या भागाचा दर्जा किंवा वापर तपासावा लागतो. नौलन व हीप यांच्या 1978 च्या अमेरिकी विमान देखभालविषयक अहवालानेही हे निदर्शनास आणले, की बहुसंख्य भागांच्या बाबतीत ठरावीक वयोमर्यादा उपयोगी पडत नाही. ब्रेक, स्टिअरिंग यांसारख्या सुरक्षेशी निगडित भागांची नियमित तपासणी मात्र कोणत्याही आकडेवारीच्या आधारे शिथिल करता येणार नाही.

नोंदींची विश्वासार्हता :
बिघाडाचा आकडा केवळ जाब विचारण्यासाठी वापरला, तर बिघाड कमी होण्याऐवजी त्यांची नोंद कमी होण्याचा धोका असतो. दोष सांगणाऱ्या चालकाला त्यावर काय केले हे कळले आणि यांत्रिकाला गाडीचा पूर्वेतिहास दिसला, तर नोंद ठेवणे हे त्यांना स्वतःचेच काम वाटेल. संगणक आल्याने शोध सोपा होतो, परंतु चुकीची नोंद संगणकातही चुकीचीच राहते.

निष्कर्ष :
माहिती ज्या स्तरावर निर्माण होते, त्याच स्तरावर ती प्रथम उपयोगात आली पाहिजे. संख्याशास्त्र व वाणिज्य विभागांनी स्थानिक आगाराच्या संमतीने अशा नोंदींवर विद्यार्थी-प्रकल्प हाती घेतल्यास अध्यापनाला प्रत्यक्ष विषय मिळेल. आपल्या वर्गात दररोज एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्याचा लाभ होईल.