वेतनश्रेणी एक, घरभाडी अनेक : ब्रिटनमधील माध्यमिक शिक्षकांचा पगार आणि जगण्याचा खर्च

लंडनच्या वायव्येला केंटन रोड नावाचा रस्ता आहे. बऱ्याच अंतरापर्यंत तो ब्रेंट आणि हॅरो या दोन नगरपालिकांची हद्द आखतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तीच दुकाने आणि त्याच बसगाड्या. भाजीचे भाव तर रस्ता ओलांडून बदलत नाहीतच. शिक्षकांच्या वेतननियमांत मात्र ब्रेंट ‘इनर लंडन’मध्ये मोडते आणि हॅरो ‘आउटर लंडन’मध्ये. सप्टेंबर २०२५ पासून ब्रेंटच्या सरकारी शाळेत रुजू होणाऱ्या नव्या शिक्षकाचे किमान वार्षिक वेतन ४०,३१७ पौंड आहे, तर हॅरोतल्या त्याच्या सहाध्यायाचे ३७,८७०. काम तेच, पात्रता तीच, फरक जवळपास अडीच हजार पौंडांचा. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिलमधली वास्तू ब्रेंटमध्येच आहे आणि हॅरोतही मराठी घरे पुष्कळ आहेत. त्यामुळे हा हिशेब आपल्याही माणसांच्या घरातला आहे.

राहणीचा खर्च आणि पगार यांची सांगड घालण्याचा ब्रिटनचा प्रयत्न शंभर वर्षांचा आहे. तो कुठवर पोहोचला आणि कुठे अडला, ते पाहणे आपल्यालाही उपयोगाचे ठरेल.

चार पट्टे, नऊ पायऱ्या

इंग्लंडचे वेतनापुरते चार भाग पाडलेले आहेत : इनर लंडन, आउटर लंडन, लंडनला लागून असलेला ‘फ्रिंज’ आणि उरलेला सगळा देश. प्रत्येक भागात मुख्य श्रेणीच्या सहा पायऱ्या आणि त्यावर वरिष्ठ श्रेणीच्या तीन. उरलेल्या देशात सुरुवात ३२,९१६ पौंडांपासून होते, मुख्य श्रेणी ४५,३५२ वर संपते आणि वरिष्ठ श्रेणीचा माथा ५१,०४८ वर आहे. इनर लंडनमध्ये हाच माथा ६२,४९६ पौंडांचा आहे. त्यापुढे विभागप्रमुख किंवा वर्गप्रमुख म्हणून जबाबदारी घेतली तर वेगळा मोबदला मिळतो. माध्यमिक शाळांपैकी बहुसंख्य आता ‘अकॅडमी’, म्हणजे स्थानिक नगरपालिकेच्या नियंत्रणाबाहेरच्या सरकारी शाळा आहेत. त्यांना वेगळे वेतन ठरवण्याची मुभा होती, तरी बहुतेक शाळा राष्ट्रीय श्रेणीच पाळत आल्या आहेत.

आता हातात काय येते ते पाहू. लंडनबाहेरच्या नव्या शिक्षकाच्या ३२,९१६ पौंडांतून ७.४ टक्के निवृत्तिवेतनाची वर्गणी जाते. १२,५७० पौंडांच्या वरच्या करपात्र रकमेवर २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स कापला जातो. २०२३ पूर्वी पदवीला प्रवेश घेतलेला असेल तर शिक्षणकर्जाचा ९ टक्क्यांचा हप्ताही त्यातूनच, २०२५-२६ मध्ये २८,४७० पौंडांच्या वरच्या रकमेवर. सगळे वजा जाता महिन्याला साधारण २,०७० पौंड उरतात. इनर लंडनमधल्या नवख्याला याच रीतीने सुमारे २,४०० मिळतात. कागदावर वर्षाला ७,४०० पौंडांचा दिसणारा फरक खिशात पोहोचेपर्यंत महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास येतो.

हिशेब घरापाशी मोडतो

दूध, पाव, वीज, कपडे यांच्या किमती देशभर फार बदलत नाहीत. बदलते ते घर. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२५ मधल्या आकड्यांप्रमाणे लंडनमध्ये खासगी घराचे सरासरी भाडे महिन्याला २,२०० पौंडांच्या वर होते, ईशान्य इंग्लंडमध्ये सातशेच्या थोडे पुढे. म्हणजे पगारात सव्वातीनशेची भर आणि भाड्यात पंधराशेची. ही सरासरी लहानमोठ्या सगळ्या घरांची आहे आणि एकटा तरुण शिक्षक अख्खे घर सहसा घेत नाही, तिघाचौघांत मिळून घेतलेल्या घरात एका खोलीत राहतो. पण तिशीत संसार थाटायची वेळ आली की ती तडजोड संपते.

लंडनला निदान भत्त्याचा आधार आहे. त्याहून कठीण अवस्था ऑक्सफर्ड, केंब्रिज, ब्राइटन, ब्रिस्टल या शहरांची. वेतननियमांच्या दृष्टीने ती ‘उरलेल्या देशात’ येतात. ऑक्सफर्डमध्ये सरासरी भाडे १,७०० पौंडांच्या पुढे आहे, हल या उत्तरेकडच्या शहरात सहाशे ते सातशेच्या दरम्यान. दोन्हीकडच्या शिक्षकाची वेतनश्रेणी एकच. थेम्सच्या खोऱ्यातले स्लाउ ‘फ्रिंज’मध्ये येते, रेल्वेने काही स्थानके पुढचे रेडिंग येत नाही, दोन्हीकडे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. घर विकत घ्यायचे म्हटले तर दरी आणखी रुंद होते. लंडनमध्ये घराची सरासरी किंमत साडेपाच लाख पौंडांच्या आसपास आहे, ईशान्येला दीड-पावणेदोन लाखांच्या घरात. ईशान्येत शिक्षक-शिक्षिकेचे जोडपे तिशीत घरमालक होऊ शकते. ऑक्सफर्डमध्ये तेच जोडपे आईवडिलांच्या मदतीवाचून बहुधा भाडेकरूच राहते.

शंभर वर्षांची खटपट

एकोणिसाव्या शतकात शाळेचे अनुदान, आणि पर्यायाने शिक्षकाचा पगार, मुलांच्या परीक्षेतल्या निकालावर ठरत असे. १८६२ च्या नियमावलीने ही पद्धत इंग्लंडमध्ये आणली आणि पुढे ती मुंबई इलाख्यातही आली. १९१९ मध्ये लॉर्ड बर्नहॅम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने राष्ट्रीय वेतनश्रेण्या घडवल्या. त्या चार होत्या आणि लंडनची सर्वांत वरची. खर्चानुसार पगार ही कल्पना तेव्हापासूनची. त्या श्रेण्यांत स्त्रियांना पुरुषांच्या साधारण चार-पंचमांश वेतन होते, समान वेतन टप्प्याटप्प्याने १९६१ मध्ये पूर्ण झाले. १९३१ च्या मंदीत शिक्षकांच्या पगारात दहा टक्के कपात झाली. १९७४ मध्ये हॉटन समितीने भरघोस वाढ दिली, पण त्या दशकातल्या महागाईने ती लवकरच गिळली. दीर्घ संपांनंतर १९८७ मध्ये बर्नहॅम समिती रद्द झाली आणि १९९१ पासून स्वतंत्र वेतन आढावा मंडळ सरकारला शिफारशी करू लागले.

२०१० नंतरचे दशक सर्वांत कसोटीचे गेले. आधी वेतन गोठवले, मग २०१७ पर्यंत वार्षिक वाढ एक टक्क्यावर रोखली, २०२१ मध्ये पुन्हा थांबवली. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या हिशेबाप्रमाणे २०१० ते २०२२ या काळात अनुभवी शिक्षकांचे वेतन महागाई धरून सुमारे १३ टक्क्यांनी घटले. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर गेला आणि १ फेब्रुवारी २०२३ पासून शिक्षक संपावर उतरले. त्यातून ६.५ टक्के वाढ मिळाली आणि सुरुवातीचे वेतन ३०,००० पौंड झाले. पुढे २०२४ मध्ये ५.५ आणि २०२५ मध्ये ४ टक्के वाढ झाली. या वर्षांत बरीच भरपाई झाली, पण पंधरा वर्षांपूर्वीची क्रयशक्ती अनुभवी शिक्षकाला अजून परत मिळालेली नाही.

परिणाम वर्गात दिसतो. २०२३-२४ मध्ये माध्यमिक शिक्षक-प्रशिक्षणाच्या उद्दिष्टापैकी जेमतेम निम्म्या जागा भरल्या, भौतिकशास्त्रात तर १७ टक्केच.

हे झाले इंग्लंडचे. स्कॉटलंडने वेगळी वाट धरली. तिथे एकच श्रेणी आहे, एडिंबरा असो वा ग्लासगो. ऑगस्ट २०२४ मध्ये परिविक्षाधीन शिक्षकाला ३३,५९४ आणि श्रेणीच्या शेवटी ५०,५८९ पौंड होते. भत्ता आहे तो शेटलंड, ऑर्कनीसारख्या दूरच्या बेटांसाठी. महाग राजधानीपेक्षा दुर्गम शाळेला शिक्षक मिळावा, हा त्यामागचा विचार. उत्तर आयर्लंडमध्ये नव्या शिक्षकाचे वेतन २०२४ पर्यंत २४,१३७ पौंडांवर अडकले होते. करारानंतर ते ३०,००० झाले.

आपल्याकडून पाहताना

महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला ज्या दोन गोष्टी गृहीत वाटतात, त्या ब्रिटनमध्ये नाहीत. एक महागाई भत्ता. किंमत निर्देशांकाशी बांधलेला हा भत्ता इथे वर्षातून दोनदा वाढतो, तिथल्या शिक्षकाला दरवर्षी सरकारच्या निर्णयाची वाट पाहावी लागते. दुसरा घरभाडे भत्ता. सातव्या वेतन आयोगानंतर तो शहराच्या वर्गानुसार २४, १६ आणि ८ टक्के ठरला आणि महागाई भत्त्याबरोबर वाढण्याची तरतूद झाली. राजधानीपुरतेच न थांबता नागपूर, नाशिक, जिल्ह्याची ठिकाणे यांनाही त्यात जागा आहे. ऑक्सफर्डच्या शिक्षकाला हेच हवे आहे.

पण आपल्याला मिरवण्याचा अधिकार नाही. याच राज्यात नवा शिक्षक तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन वर्षानुवर्षे आठ हजार रुपये होते, ते २०२३ मध्ये अठरा हजार झाले. मुंबई-पुण्यात त्यात स्वतंत्र खोलीही परवडत नाही. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांची स्थिती त्याहून वाईट आहे. भत्त्यांची उत्तम रचना सेवेत कायम झालेल्यालाच मिळत असेल, तर ती अर्धीच आहे.

हे दोन देश आता थेट जोडलेही गेले आहेत. २०२३ मध्ये इंग्लंडने भारतासह नऊ देशांतल्या पात्र शिक्षकांना तिथली शिक्षक-पात्रता थेट मिळवण्याचा मार्ग खुला केला, गणित, विज्ञान आणि भाषांपासून सुरुवात करून. स्थलांतरासाठी दहा हजार पौंडांचे साहाय्यही काही विषयांसाठी देऊ केले. जाणाऱ्याने पौंडांचे रुपये करून पाहण्याआधी नेमणुकीच्या गावचे भाडे पाहावे. व्हिसासोबत प्रत्येक प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभारही भरावा लागतो. हलमधली नोकरी ऑक्सफर्डच्या नोकरीपेक्षा संसाराला अधिक सोयीची असू शकते.

कपात नको, घर हवे

२०११ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी वेगळा उपाय मांडला होता : सरकारी वेतन त्या त्या भागातल्या बाजाराशी जोडावे. स्वस्त गावात पगार कमी ठेवावा, असा त्याचा सरळ अर्थ. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि तो योग्यच होता. हल, ब्लॅकपूल, सन्डरलंड इथे घरे स्वस्त आहेत, कारण तिथले उद्योग गेले आणि माणसे गेली. अशाच गावांतल्या मुलांना चांगल्या शिक्षकाची गरज सर्वांत जास्त असते. एकच वेतनश्रेणी तिथल्या शिक्षकाला बरे जगू देते, ही तिच्यातली न्यायाची बाजू आहे. ती काढून घेणे म्हणजे गरीब गावाला शिक्षाच.

म्हणून दुखणे महाग शहरांत शोधायला हवे आणि तिथे पगारवाढ पुरी पडत नाही. लंडनमधल्या भाड्याचा फरक भत्त्याने भरायचा तर तो आजच्या कित्येक पट करावा लागेल आणि त्यातला मोठा वाटा शेवटी घरमालकाकडेच जाईल. २००४ मध्ये सरकारने शिक्षक, परिचारिका, पोलीस यांना घरखरेदीसाठी ५०,००० पौंडांपर्यंतचे साहाय्य देणारी योजना काढली होती. ती मोजक्यांपर्यंत पोहोचली आणि आर्थिक संकटानंतर मागे पडली. गरज आहे ती शाळेच्या परिसरात, स्थानिक संस्थेच्या मालकीच्या, पगाराच्या ठरावीक हिश्शात भाडे बसेल अशा घरांची. आढावा मंडळानेही वेतनाच्या आकड्यांसोबत दर जिल्ह्यात भाडे भरल्यावर शिक्षकाकडे काय उरते, तो आकडा दरवर्षी जाहीर करावा. तो समोर आला की ऑक्सफर्डला ‘उरलेला देश’ म्हणणे कोणत्याही मंत्र्याला जड जाईल.

मुंबईलाही हेच लागू आहे. दादर-गिरगावच्या शाळेत शिकवणारा शिक्षक बदलापूर-विरारहून येतो आणि रोजचे तीन-चार तास गाडीत घालवतो. ते तास वह्या तपासण्याचे, मागे पडलेल्या मुलाला थांबवून शिकवण्याचे असतात. शिक्षकाला शाळेच्या हाकेच्या अंतरावर राहता येणे ही चैन मानू नये. मुलांच्या शिक्षणावरचाच तो खर्च आहे आणि लंडन असो वा मुंबई, तो सरकारने अंदाजपत्रकात धरायला हवा.