पहिल्या पुरात मासे उलटे का चढतात?

तुम्ही कोकणातले असाल तर जूनमधली ती रात्र वेगळी सांगायला नको. दोन दिवस पाऊस कोसळतो, वहाळ लाल गढूळ होऊन भातखाचरांत शिरतो आणि माणसं बॅटऱ्या, पाग, कोयते घेऊन बाहेर पडतात. रायगडकडे ही वलगण, तळकोकणात हे चढणीचे मासे. लहानपणी काकांच्या मागे बादली घेऊन मीही गेलोय. तेव्हा एकच प्रश्न पडायचा : एवढ्या जोराच्या पाण्यात मासा उलटा चढतो कसा, आणि कशाला? आता पीएचडीला नदीचा प्रवाहच अभ्यासतोय, तर सांगून बघतो.

आधी 'कसा'. पुराचं पाणी सगळीकडे सारख्या वेगाने धावत नाही. तळाशी आणि काठाला घर्षणामुळे ते मंदावतं, मोठ्या दगडामागे तर जवळजवळ थांबतं. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे वेग निम्मा झाला की रेटा पावपट. म्हणून मासा मधली धार टाळतो, काठाकाठाने सरकतो, आडोशाला दम खातो आणि मग पुढची झेप घेतो. काका सापळा कायम काठालगत लावायचे. वर्गाचं सूत्र त्यांना माहीत नव्हतं, पण जागा कधी चुकली नाही.

आता 'कशाला'. अंडी घालायला. खाचरातलं पाणी उथळ आणि शांत असतं, पिल्लांना तिथे खाणं भरपूर मिळतं. नव्या पाण्याची चाहूल लागली की माशाच्या मेंदूजवळची पिट्युटरी ग्रंथी संप्रेरकं सोडते आणि अंडी पक्व होतात. रोहूसारखे मासे तळ्यात एरवी अंडी घालत नसत. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी त्यांना याच ग्रंथीचा अर्क टोचला आणि मासे व्याले. पुराचा निरोप त्यांनी सुईने पोचवला म्हणा ना!

म्हणजेच वलगणीचा मासा गाबोळीने भरलेला असतो. चवीला भारी, मलाही आवडतो. पण तो अंडी घालण्याआधीच कढईत गेला, तर पुढच्या वर्षी चढणार कोण? समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामागेही हाच हिशोब आहे. आपल्या वहाळाला मात्र कोणी वाली नाही.

मासे धरूच नका, असं मी म्हणणार नाही. काका घरात घेणार नाहीत. एकच करा. सापळे एकाच काठाला लावा, दुसरा काठ पूर्ण मोकळा सोडा. 'मधे जागा ठेवलीये की' असं कोणी म्हणालं, तर त्याला वरचा रेट्याचा हिशोब सांगा. मधल्या धारेतून मासा चढतच नाही. त्याची वाट काठानेच जाते.