आजोबांची दुर्बीण

पाटणच्या आमच्या आजोबांनी 1960 च्या सुमारास कोयनेच्या रानात एक सांबर जखमी केले. ते हाती लागले नाही. दोष दुर्बिणीचा, असे आजोबा शेवटपर्यंत सांगत. "हिला अंतर जुळवायची कळ असती तर!" पुढे 1972 च्या कायद्याने शिकारच मिटली. रायफल गेली, दुर्बीण तेवढी उरली.

गेल्या दिवाळीत सांगलीला मामांच्या ट्रंकेतून ती निघाली. मी मराठीचा मास्तर. 'लंबन' हा शब्द मला ग्रहणगणितामुळे माहीत. उशीवर दुर्बीण घट्ट बसवली नि डोळा डावी-उजवीकडे सरकवला. शंभर वारांवरच्या खांबावर फुली हलेना. अंगणातल्या पेरूवर मात्र घसरू लागली. लक्ष्याची प्रतिमा आणि फुली एका पातळीत नसली की असे होते. कळ त्यांना एका पातळीत आणते, एवढेच.

मग हिशेब मांडला. पुढचे भिंग 40 मिलिमीटरचे. डोळा अगदी कडेला गेला, तरी दीडशे वारांवर चूक फार तर एक सेंटिमीटर, दोनशेवर दोन. पाचशे वारांवर मात्र आठ. कागदी लक्ष्यावर नेम धरणाऱ्याला तिथे कळ हवीच. शिकाऱ्याने गाल दस्त्यावर नेहमीच्या जागी टेकला की झाले.

"सांबर किती लांब होते, मामा?"

"दीडशे वार. नाना नेहमी तेच सांगायचे."

मामी चकल्या घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे मामंजींचा हातच हलला की!"

मामांनी दुर्बीण फडक्यात गुंडाळली आणि ट्रंकेला कुलूप लावले.