एका बाराची बंदूक

संपादकांना वाघिणींवर लेख हवा होता. २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या गेल्या आणि ११ एप्रिल २०२४ रोजी तिसरी आली. वनखात्याच्या कागदोपत्री त्या एनटी-१, एनटी-२ आणि एनटी-३. चोरखमाऱ्याच्या गेटातून आत शिरताना माझ्या मनात मात्र त्या वाघिणींपेक्षा त्यांना निजवणारी बंदूक घोळत होती. तिच्यात एका वेळी एकच बार असतो. तो चुकला तर पुन्हा भरेपर्यंत जनावर झाडीत दिसेनासे होते. जुन्या एकबारी रायफलींचा नियमही हाच होता. या जंगलात उभे राहून दोन्ही बंदुकांचा विचार करू लागलो, की पाऊल पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नाशी अडते: नळीच्या मागच्या पोकळीत काय भरायचे?

नागझिऱ्याचा सरकारी इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९७० साली अभयारण्य झाले, क्षेत्र सुमारे १५३ चौरस किलोमीटर. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’मुळे या रानाचे नाव मराठी घराघरांत पोचले. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली तीही १९७० मध्येच आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवरचे निर्बंध आणखी आवळले. शिकार संपली, पण रायफली संपल्या नाहीत. आजोबांच्या नावाचा परवाना नातवाच्या नावावर आला आणि त्याबरोबर तेल पाजलेली, दस्त्याला भेग गेलेली एखादी ब्रिटिश रायफलही आली. तिची काडतुसे मात्र आता सहज मिळत नाहीत.

अशा वारसदाराला पहिला विचार सुचतो तो नळी नव्याने कोरून घेण्याचा. आजच्या, सहज मिळणाऱ्या काडतुसाला बसेल असे चेंबर, म्हणजे नळीमागची ती पोकळी, करून घ्यावे, म्हणजे झाले. इथे गाठ पडते ती लोखंडाशी, आणि मला या विषयात सर्वांत जास्त गुंतवणारी गोष्ट हीच.

मार्टिनी-हेन्री घ्या. १८७१ साली ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली. यंत्रणा मुळात अमेरिकेतल्या पीबॉडीची, सुधारणा स्वित्झर्लंडच्या मार्टिनीची, नळीतले आटे एडिंबराच्या हेन्रीचे. मुठीमागची खिट्टी खाली ओढली, की आतला ठोकळा पुढच्या टोकाने खाली झुकतो आणि नळीचे तोंड उघडते. काडतूस सरकवा, खिट्टी वर घ्या, ठोकळा उठून मागून नळी बंद करतो. ठोकळा एका खिळीवर झुलतो, पण बाराचा दणका त्या खिळीवर येत नाही. ठोकळ्याची गोलसर पाठ मागच्या लोखंडी भिंतीला टेकलेली असते आणि सगळा भार ती भिंत घेते. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने भार कुठून कुठे जाईल याचा इतका स्वच्छ विचार केला होता, हे पाहून माझे मन भरून येते.

तिचे मूळ काडतूस ५७७/४५०. त्यात ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची शिशाची गोळी. काळी दारू दाब बेताचा ठेवते. ती भिंत याच दाबासाठी घडवलेली. सुरुवातीचे टरफल पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेले होते. १८८४-८५ च्या सुदानच्या मोहिमेत वाळू आणि तापलेल्या नळीमुळे ते आत चिकटून बसे आणि ऐन हल्ल्यात शिपाई खिट्टीशी झगडत राही. पुढच्या मार्क चार या आवृत्तीत म्हणूनच खिट्टी लांब केली, जोर जास्त लागावा म्हणून.

आता नवे काडतूस निवडू पाहणाऱ्यापुढच्या अटी बघा. पहिली म्हणजे चेंबर कोरता येते, भरून काढता येत नाही. नवे टरफल जुन्या पोकळीपेक्षा सगळीकडून मोठे हवे. एका जागी जरी सैल राहिले तरी बार होताना पितळ तिथे फुगून फाटू शकते. छोटे काडतूस घालायचेच असेल तर नळीच्या आत नवी नळी बसवावी लागते आणि मग रायफल नावापुरतीच जुनी राहते. दुसरी अट बुडाच्या कडेची. एकबारी रायफलीत टरफल ओढून काढणारा आकडा त्या कडेला धरतो आणि काडतूस किती खोल जायचे तेही ती कडाच ठरवते. आजची बहुतेक लष्करी काडतुसे बिनकडेची असतात. तिसरी अट दाबाची, आणि तिथे तडजोड नाही. गोळी नळीत बसली, ठोकळा बंद झाला, एवढ्यावरून लोखंड आजच्या धूररहित दारूचा दाब सोसेल असे मुळीच ठरत नाही. माझे स्पष्ट मत आहे, की अशा रायफलीचे चेंबर आहे तसे राहू द्यावे. एकदा कोरणारा रीमर फिरला की मूळ माप कायमचे गेले.

काडतूस निवडण्याचा हक्क हिंदुस्थानात मालकाकडे कधी फारसा नव्हताच. १९०७ च्या सुमारास सरकारने ४५० बोअरच्या रायफली आणण्यावर बंदी घातली. बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनींना गोळ्या मिळतील ही धास्ती होती. इंग्लंडचे बंदूककार चटकन वळले. ४७०, ४७५, ५००/४६५ अशी केसभर इकडची-तिकडची मापे पुढे आली आणि वाघ-गव्यांच्या शिकारीतली सर्वांत नावाजलेली काडतुसे त्यातूनच घडली. लष्कराचे थ्री-नॉट-थ्री सामान्य परवानाधारकाला मना, म्हणून ऑस्ट्रियाच्या फौजेचे जुने आठ मिलिमीटरचे कडेवाले काडतूस ३१५ या नावाने इथे रुजले आणि आजही इशापूरच्या कारखान्याच्या रायफलीत चालते.

सर्वांत विलक्षण उदाहरण पोलिसांच्या मस्केटचे. इशापूरला ली-एन्फिल्ड रायफली घेऊन त्यांची नळी ४१० बोअरची, बिनआट्याची केली आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा ठोकून ती एकबारी केली. काडतूस थ्री-नॉट-थ्रीचेच, फक्त मान न आवळता सरळ ठेवलेले. चोरून आणलेली लष्करी गोळी या बंदुकीच्या कामाची राहू नये, असा हिशोब होता. ज्याच्या हाती बंदूक द्यायची त्याच्यावर पूर्ण भरवसा नाही, म्हणून शस्त्रच पंगू करून द्यायचे! पुढे हीच मस्केटे भंगाराच्या भावाने अमेरिका-कॅनडात गेली आणि तिथल्या हौशींनी त्यांची चेंबरे दुकानात मिळणाऱ्या ४१० च्या छर्ऱ्याच्या काडतुसासाठी कोरून घेतली. ते काडतूस बुडाशी जाड असल्याने कोरण्याला वाव होता. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्रात बदल करणे हाच गुन्हा आहे आणि परवान्यावर बोअर लिहिलेले असते.

नागझिऱ्यात आता कामाची उरलेली एकबारी बंदूक वेगळी आहे. तिच्यात दारूऐवजी दाबलेला कार्बन डायऑक्साइड आणि गोळीऐवजी डार्ट. जुन्या अमेरिकन डार्टगनमध्ये पॉइंट टू-टूच्या बिनगोळीच्या काडतुसांचे रंग ठरलेले असत, सौम्यापासून जोरकसापर्यंत. आजच्या बंदुकीला दाबाचे घड्याळ असते. अंतर मोजायचे आणि तक्ता पाहून दाब ठरवायचा. डार्टमध्ये दोन कप्पे, मागे दाबलेली हवा, पुढे औषध, मध्ये सरकता दट्ट्या. सुईचे भोक बाजूला असते आणि त्यावर रबरासारखे सिलिकॉनचे कडे. कातडीला लागताच कडे मागे सरते, भोक मोकळे होते आणि दट्ट्या औषध आत ढकलतो. काय आणि किती भरायचे, हा जुन्या रायफलीत एकदा घेतलेला निर्णय इथे प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो.

अडचणी इथूनच सुरू होतात. औषध वाघिणीच्या वजनावर ठरते आणि वजन झाडीतून नजरेने जोखायचे असते. औषध वाढले की डार्ट जड होतो आणि लवकर खाली पडतो. दाब कमी ठेवला तर डार्ट पोचत नाही, जास्त ठेवला तर सुई हाडापर्यंत जाते, पायही मोडू शकतो. नेम फक्त मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूवर धरायचा. मधली एक बारीक फांदी डार्टची दिशा बदलायला पुरेशी असते. डार्ट लागल्यावरही वाघीण लगेच पडत नाही. तेवढ्यात ती नाल्यात शिरली आणि पाण्यात निजली तर बुडते. विदर्भाच्या मे महिन्यात बेशुद्ध देहाला स्वतःची उष्णता आवरता येत नाही, म्हणून डोळ्यांवर कापड, अंगावर पाणी आणि सतत तापमान मोजणे. ब्रह्मपुरीकडचे रान शेतांना लागून आहे; वाघ दिसल्याची बातमी फुटली की माणसांची गर्दी जमते आणि जनावर बिथरते. शिवाय प्रत्येक जनावरासाठी वन्यजीव कायद्याखालची लेखी परवानगी हातात असावी लागते.

या सगळ्यात चुकले तर काय होते हे यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ टी-१ ही वाघीण, म्हणजे अवनी, रायफलीच्या गोळीने मेली. तिच्या मांडीत डार्टही आढळला. तो बंदुकीतून सुटला होता की मागाहून खोचला गेला, यावर वाद झाला. डार्टमधले औषध फार आधी भरून ठेवलेले होते, असाही आक्षेप चौकशीत पुढे आला. औषध ताजे भरणे, अंतर मोजणे, तेवढ्याच वजनाचा पाण्याने भरलेला डार्ट आधी निशाण्यावर मारून बघणे, ही कामे कंटाळवाणी आहेत आणि घाईत पहिल्यांदा हीच गळतात. वारा उठला किंवा वाघीण आडवी न राहता तोंड वळवून बसली, तर चाप ओढायचा नाही, मोहीम दुसऱ्या दिवसावर ढकलायची. तोवर जमलेली माणसे, उभ्या गाड्या आणि वरून येणारे फोन यांचा दाब बंदूक धरणाऱ्यावर असतो. हा दाब किती सोसायचा, ते कुठल्याच तक्त्यात लिहिलेले नाही. त्यासाठी वनखात्याने अशा माणसांना वर्षभर सराव, चांगली उपकरणे आणि नाही म्हणण्याची मुभा दिली पाहिजे.