पक्ष्याला सातबारा कळत नाही

एखाद्या शेतकऱ्याने पक्ष्यांसाठी गवत राखले आणि शेजाऱ्याने त्याच आठवड्यात यंत्राने कापणी उरकली, तर त्या राखलेल्या तुकड्याचा उपयोग किती? नेदरलँड्समधील दुग्धव्यावसायिक शेतकऱ्यांपुढे हा प्रश्न अनेक वर्षे उभा होता. त्याच्या केंद्रस्थानी आहे ‘ब्लॅक-टेल्ड गॉडविट’ हा ओलसर कुरणांत जमिनीवर घरटे करणारा, लांब चोचीचा पक्षी. याच जातीचे थवे हिवाळ्यात आपल्या उजनी व जायकवाडी जलाशयांवर उतरतात.

१९६०च्या दशकात नेदरलँड्समध्ये या पक्ष्याच्या सुमारे १ लाख २० हजार जोड्या होत्या. पुढे ही संख्या चाळीस हजारांच्याही खाली घसरली. कुरणांतील पाण्याचा निचरा, एकसुरी दाट गवत आणि मेच्या प्रारंभीच होणारी कापणी ही त्याची प्रमुख कारणे. अंड्यातून बाहेर पडताच पिले स्वतःच किडे टिपू लागतात. उडण्यास मात्र त्यांना सुमारे २५ दिवस लागतात. तेवढा काळ उंच, विरळ आणि फुलोऱ्याचे गवत लाभले, तरच ती जगतात.

सरकार शेतकऱ्यांना यासाठी मोबदला देत होते. परंतु करार प्रत्येकाशी स्वतंत्र होते. २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील डच संशोधकांच्या अभ्यासाने अशा योजनांच्या परिणामकारकतेवरच प्रश्नचिन्ह लावले. अखेर २०१६ पासून व्यवस्था बदलली. प्रांतिक शासन आता शेतकऱ्यांच्या सामूहिक संस्थांशी करार करते. प्रारंभी अशा चाळीस संस्था होत्या. परिसराचा आराखडा संस्थाच आखते. कोणी जूनच्या मध्यापर्यंत कापणी लांबवतो, कोणी चरांतील पाण्याची पातळी वाढवतो, तर कोणी पट्ट्यापट्ट्याने कापणी करतो. स्वयंसेवक घरट्यांच्या जागा खुणांनी दर्शवतात. उशिरा कापलेल्या गवताचा कस उतरतो. ते नुकसान मोबदल्यातून भरून निघते.

एवढे करूनही देशभरातील घट पूर्णपणे थांबलेली नाही. कोल्ह्यासारखे शिकारी प्राणी आणि व्यापारी शेतीचा रेटा कायम आहे. तरीही एक धडा स्पष्ट आहे. पक्ष्याला सातबारा कळत नाही. म्हणून त्याचे संवर्धनही एका बांधाच्या आत मावत नाही.