घर एक, नकाशे अनेक

अलिबागहून रेवदंड्याकडे किंवा पुढे मुरूडकडे जाताना नारळी-पोफळीच्या वाडीत एखादे घर बांधले जात असलेले तुम्ही पाहिले असेल. गवंडी भिंत रचीत असतो, सुतार चौकट बसवीत असतो, वायरमन भिंतीत नळी पुरण्यासाठी खाच पाडीत असतो. यांतल्या प्रत्येकाला नकाशाचा कागद लागतो आणि नीट पाहिलेत तर लक्षात येईल, की हे कागद एकसारखे नसतात. गवंड्याच्या कागदावर भिंतींची जाडी व मापे ठळक असतात. वायरमनच्या कागदावर भिंती फिकट आणि दिव्यांची व बटणांची चिन्हे गडद असतात. प्लंबरच्या कागदावर नुसते नळांचे जाळे दिसते. घर एकच, पण त्याचे नकाशे दहा-बारा!

आता समजा, घर अर्धे झाल्यावर मालकांनी स्वयंपाकघराचे दार अर्धा मीटर डावीकडे घ्यायला सांगितले. गवंड्याच्या नकाशात दुरुस्ती झाली, पण वायरमनच्या नकाशात करायची राहून गेली. मग काय होईल? वायरमन जिथे बटणांचा बोर्ड शोधील, तिथे आता भिंतच नसेल. हे लवकर ध्यानात आले तर थोडक्यात निभावते. पण तुळईतून पाइप जाण्यासाठी ठेवायचे भोक विसरले आणि काँक्रीट ओतून झाले, तर? मग तुळई फोडण्याचा प्रसंग येतो. काँक्रीट खोडरबराने पुसता येत नाही.

एका जागी केलेला बदल सर्व नकाशांत आपोआप कसा पोहोचवावा, हा खरा प्रश्न आहे.

पारदर्शक कागदाची युक्ती

संगणक येण्यापूर्वी नकाशे ट्रेसिंग पेपरवर काढीत. तळमजल्याच्या नकाशावर दुसरा पारदर्शक कागद ठेवला, की खालच्या भिंती दिसतात आणि त्यांच्यावर फक्त विजेच्या तारा काढता येतात. सत्तरच्या दशकात काही मोठ्या कचेऱ्यांत ही पद्धत फार काटेकोरपणे वापरली जाई. पारदर्शक फिल्मच्या कडेला भोके पाडीत आणि ती एका पट्टीवरच्या खुंट्यांत अडकवीत, म्हणजे कागद सरकण्याची भीती नाही. भीती कसली, असे विचाराल. १:१०० या प्रमाणात काढलेल्या नकाशावर कागद अवघा दोन मिलिमीटर सरकला, तर प्रत्यक्षात वीस सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणजे जवळजवळ एका विटेची लांबी!

संगणकाने हीच युक्ती उचलली. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या संशोधकाने ‘स्केचपॅड’ नावाचा कार्यक्रम तयार केला. त्यात पडद्यावर प्रकाश-लेखणीने रेषा काढता येत. १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ आणि १९८५ मध्ये ‘मिनीकॅड’ बाजारात आले. या मिनीकॅडचेच पुढे ‘व्हेक्टरवर्क्स’ झाले. पारदर्शक कागदाची जागा आता ‘लेअर’ने, म्हणजे थराने घेतली. लेअर हवा तेव्हा दाखवता येतो, लपवता येतो किंवा फिका करता येतो. तो सरकू नये म्हणून खुंट्याही लागत नाहीत.

कुठे आहे? आणि काय आहे?

पण नुसत्या लेअरने भागत नाही. एक सोपा हिशोब करून पाहा. आपल्या वाडीतल्या घराचे चार थर धरू: जमीन, तळमजला, पहिला मजला आणि छप्पर. प्रत्येक थरात सात प्रकारच्या वस्तू असू शकतात: भिंती, दारे-खिडक्या, खांब-तुळया, वीज, पाणी, फर्निचर आणि मापे. प्रत्येक प्रकार स्वतंत्रपणे लपवता यावा असे वाटत असेल, तर ४ × ७ = २८ लेअर करावे लागतील. घरावर आणखी एक मजला चढवला, की झाले ३५. एवढ्या यादीत हवा तो लेअर शोधण्यातच दिवस जाईल.

म्हणून व्हेक्टरवर्क्ससारख्या कार्यक्रमांत प्रत्येक वस्तूला दोन ओळखी असतात. तुमचेच उदाहरण घ्या. तुम्ही नववी ‘ब’मध्ये बसता, ही तुमची जागा झाली. तुमचा रक्तगट ‘ओ’ आहे, हा तुमचा गुण झाला. नववी ‘ब’मध्ये सगळे रक्तगट असतात आणि ‘ओ’ गटाची मुले सगळ्या वर्गांत सापडतात. दोन्ही याद्या एकमेकींना छेदतात, पण गोंधळ मात्र होत नाही. त्याचप्रमाणे वस्तू कुठे आहे हे लेअर सांगतो आणि ती काय आहे हे ‘क्लास’ सांगतो. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीचा लेअर ‘पहिला मजला’ आणि क्लास ‘दारे-खिडक्या’. आता याद्या किती मोठ्या? ४ + ७ = ११. आणखी एक मजला चढवला तर १२. गुणाकाराच्या जागी बेरीज आली, ही यातली खरी गंमत!

क्लासचा दुसरा फायदा असा, की रेषेची जाडी, रंग, भरणी हे गुण क्लासलाच देऊन ठेवता येतात. सर्व भिंती ठळक करायच्या असतील तर प्रत्येक भिंतीला हात लावावा लागत नाही. क्लासमध्ये एकदा बदल केला, की पुरे. आता वायरमनचा कागद कसा निघतो तेही समजेल. तळमजल्याचा लेअर दाखवा, ‘वीज’ हा क्लास गडद ठेवा, ‘भिंती’ फिक्या करा, बाकीचे लपवा आणि कागद छापा. गवंड्याचा कागद त्याच फाइलमधून निघतो, फक्त निवड वेगळी. दार सरकवले की ते दोन्ही कागदांत सरकते, कारण दार मुळात एकच आहे.

ऑटोकॅडमध्ये अशी दुहेरी ओळख नाही, तिथे फक्त लेअर असतात. तेव्हा दोन्ही गोष्टी लेअरच्या नावातच कोंबाव्या लागतात आणि नावे ठरवण्याचे नियम काटेकोर करावे लागतात. अशा नावांसाठी आयएसओ १३५६७ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणकच आहे.

स्केचपॅडमधली आणखी एक कल्पना आजही जशीच्या तशी वापरात आहे. एक मूळ आकृती काढायची आणि तिच्या हव्या तितक्या छाया चित्रात ठेवायच्या. मूळ बदलले, की सर्व छाया बदलतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा असंख्य घरांचे पत्रे आणि कौले उडाली, वाड्यांतली नारळी-पोफळीची झाडे आडवी झाली. अशा किनाऱ्यावर छपराचा पत्रा वाशाला जखडणारा हूक ही लहान गोष्ट नव्हे. समजा, एका शाळेच्या छपराच्या नकाशात असे तीनशे हूक आहेत आणि अभियंत्याने ते अधिक जाड करायला सांगितले. तीनशे ठिकाणी खाडाखोड केली तर एखादा सुटणारच. मूळ आकृती एकदा बदलली, तर एकही सुटत नाही.

फाइलचे नाव

येथे एका साध्या गोष्टीकडे वळू. ‘फायनल’, ‘फायनल-नवीन’, ‘खरे फायनल’ आणि ‘हेच वापरा’ अशा नावांच्या फाइली तुम्ही शाळेच्या संगणकावर पाहिल्या असतील. यांतली शेवटची कोणती, हे नाव ठेवणाऱ्यालाही आठ दिवसांनी सांगता येत नाही.

त्यावर उपाय म्हणजे नावात तारीख घालणे. पण कशी? संगणक नावांचा क्रम शब्दकोशाप्रमाणे डावीकडून एकेक अक्षर पाहून लावतो. ‘२८-०१-२०२५’ आणि ‘०३-०३-२०२५’ यांत त्याला आधी ‘२’ आणि ‘०’ दिसतात, म्हणून मार्चची फाइल जानेवारीच्या आधी जाऊन बसते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहिले, ‘२०२५-०१-२८’ आणि ‘२०२५-०३-०३’, तर अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. ‘नकाशा-१०’ हा ‘नकाशा-२’च्या आधी लागतो तो याच कारणाने. म्हणून ०१, ०२ असे शून्य लावून लिहितात. काही संगणक आकडे ओळखून क्रम लावतात, पण सर्वच नाही.

एक फाइल, दोन हात

आता सर्वांत अवघड भाग. एका नकाशावर दोघे जण काम करीत आहेत. दोघांनी सकाळी दहा वाजता एकच फाइल उघडली. पहिल्याने जिना काढला आणि एक वाजता फाइल जतन केली. दुसरीने खिडक्या काढल्या आणि दोन वाजता जतन केली. पण तिच्याजवळची प्रत दहा वाजताची, तिच्यात जिना नव्हताच! तिने जतन करताच पहिल्याचा जिना पुसला गेला. दोघांपैकी कुणीही चूक केली नाही, तरी काम मात्र बुडाले.

हे टाळण्याची रीत ग्रंथालयासारखी आहे. मुख्य फाइल एका सामाईक जागी असते आणि प्रत्येक जण आपापल्या प्रतीवर काम करतो. ज्याला जिना बदलायचा असेल त्याने तो लेअर किंवा ती वस्तू आपल्या नावावर घ्यायची. बाकीच्यांना ती दिसते, पण तिला हात लावता येत नाही. काम झाले की बदल मुख्य फाइलीत जमा करायचा आणि वस्तू मोकळी करायची. व्हेक्टरवर्क्समध्ये ही सोय २०१६ च्या आवृत्तीत आली. आणि एखादा वस्तू नावावर ठेवूनच सुट्टीवर गेला तर? ग्रंथपालाला असते तशी सत्ता येथेही एकाजवळ असते, तो ती वस्तू सोडवू शकतो. लेअर नीट पाडलेले असतील तरच ही वाटणी सोपी जाते. सगळे घर एकाच लेअरमध्ये कोंबले असेल तर सर्वांना एकाच दारात ताटकळावे लागते.

वास्तुशिल्पी अलिबागला, स्ट्रक्चरल इंजिनिअर पनवेलला आणि सर्वेक्षक आणखी तिसरीकडे, असेही पुष्कळदा असते. तेव्हा एकमेकांच्या फाइली नकलून घेण्यापेक्षा ‘संदर्भ’ म्हणून जोडतात. इंजिनिअरने खांब हलवला, की संदर्भ ताजा करताच वास्तुशिल्प्याच्या पडद्यावर तो हललेला दिसतो. पण त्यासाठी एक अट पाळावी लागते. सर्वांचा आरंभबिंदू एकच हवा. गणितात आलेखाचा शून्य बिंदू तुम्ही शिकला आहातच. सर्वेक्षक पृथ्वीवरचे निर्देशक देतो. अलिबाग विषुववृत्तापासून सुमारे २,०६० किलोमीटर उत्तरेस आहे, तेव्हा मिलिमीटरमध्ये हा आकडा दोनशे कोटींच्या पुढे जातो. एवढ्या प्रचंड आकड्यांनी रेखाटनाच्या अचूकतेत अडचणी येतात, म्हणून वास्तुशिल्पी घराच्या एका कोपऱ्याला शून्य मानतो. हा शून्य कुठे धरला याची नोंद दोघांजवळ नसेल, तर दोन नकाशे जुळणार कसे?

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न अभ्यासापुरता राहत नाही. समुद्राच्या भरतीची कमाल रेषा आखून तिच्यापासून बांधकामाचे निर्बंध मोजतात. असे नियम प्रथम १९९१ मध्ये आले. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यासाठी दाट वस्तीत ५० मीटर आणि विरळ वस्तीत २०० मीटरचा पट्टा, काही अपवाद सोडता, बांधकामाविना ठेवायला सांगितला आहे. सर्वेक्षकाच्या फाइलीतली भरतीरेषा नकाशात दहा मीटर सरकून बसली, तर कागदावर नियमात असलेले घर प्रत्यक्षात पट्ट्याच्या आत येईल. किहीमच्या किनाऱ्यावर नियम मोडून बांधलेला एक मोठा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. तो काही नकाशाच्या चुकीने तेथे उभा राहिला नव्हता. पण त्या रेषेचे वजन किती, हे त्यावरून कळते.

फाइली न जुळल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण विमानांच्या कारखान्यातले आहे. एअरबसच्या ए-३८० या प्रचंड विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा असतात. जर्मनीतल्या हँबर्ग येथील अभियंते आणि फ्रान्समधल्या तूलूझ येथील अभियंते एकाच आरेखन कार्यक्रमाच्या निरनिराळ्या आवृत्त्या वापरीत होते. परिणामी वळणांवर तारांचे हिशोब चुकले आणि जोडणीच्या वेळी तारा आखूड पडल्या. २००६ मध्ये कंपनीला विमाने उशिरा मिळतील असे जाहीर करावे लागले.

याउलट, अलिबागजवळ नांदगावच्या नारळीच्या बागेत २००७ मध्ये पुरे झालेले ‘पामायरा हाउस’ पाहण्यासारखे आहे. बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने ते बांधले. ताडाच्या खोडांच्या पट्ट्या लावून केलेल्या त्याच्या झडपांतून वारा खेळतो. वास्तुशिल्पी आणि सुतार एकत्र बसून काम करीत, वह्यांत हाताने रेखाटने काढीत आणि लाकडाचे नमुने प्रत्यक्ष करून पाहत. माणसे एकाच छपराखाली असली, की निरोप फाइलीतून पाठवावा लागत नाही. पण शंभर माणसे चार गावांत विखुरली, की ही सोय उरत नाही.

करून पाहा

तुमच्या वर्गखोलीचा नकाशा १:५० प्रमाणात एका कागदावर काढा आणि त्यावर दोन कोपऱ्यांत अधिक चिन्हे करा. तीच चिन्हे गिरवून दुसऱ्या ट्रेसिंग पेपरवर बाके आणि तिसऱ्यावर दिवे-पंखे दाखवा. मग दोन मित्रांना एकेक कागद देऊन सांगा, की फळा समोरच्या भिंतीवर नेला आहे, तेव्हा आपापल्या कागदावर आवश्यक तो बदल करा. त्यांनी एकमेकांशी बोलायचे नाही. नंतर कागद चिन्हांवर चिन्हे जुळवून उजेडात धरा आणि कोणता पंखा कुणाच्या डोक्यावर आला ते मोजा. संगणक असेल तर ‘लिब्रेकॅड’ हा विनामूल्य कार्यक्रम घेऊन हेच करता येईल. त्यात लेअर आहेत, क्लास नाहीत. तेव्हा लेअरची नावे काय ठेवायची, हे रेषा काढण्यापूर्वीच तिघांनी मिळून ठरवा.