चरित्राचा कागद संपतो तिथे

शिवाजी महाराज आणि संभाजीराजे १६८० च्या जानेवारीत पन्हाळ्यावर एकमेकांना भेटले. मुलगा मोगल सरदार दिलेरखानाच्या गोटात जाऊन परतलेला, आणि बापाच्या आयुष्याचे उणेपुरे तीन महिने उरलेले. त्या दोघांत काय बोलणे झाले असेल? इतिहासकार तारखा लावतो, पत्रे तपासतो आणि त्या भेटीच्या बंद दाराशी थांबतो. थांबायलाच हवे त्याला.

नाशिकच्या एचपीटी कॉलेजात साहित्य शिकवणारे वसंत कानेटकर नेमके त्या बंद दाराआड शिरले. सुरुवात त्यांनी कादंबऱ्यांनी केली होती. 'घर', 'पंख', 'पोरका'. १९५७ मध्ये 'वेड्याचं घर उन्हात' हे पहिले नाटक आले आणि १९६२ मध्ये 'रायगडाला जेव्हा जाग येते'. रायगडावरचा छत्रपती इथे घरातला बाप म्हणून उभा राहिला. मोहीम नाही, लढाई नाही, तरी श्वास रोखून बघावे असे नाटक!

मला खरे नवल वाटते ते पुढचे. कानेटकरांचे वडील म्हणजे रविकिरण मंडळातले कवी गिरीश. त्यांनी आपल्याच मंडळातल्या माधव जूलियनांचे चरित्र लिहिले, 'स्वप्नभूमि', १९६५ मध्ये. म्हणजे एकाच घरात वडील एका कवीचे आयुष्य पुराव्यानिशी मांडत होते आणि मुलगा पुरावा संपतो तिथून पुढे चालला होता. जवळपास एकाच काळात!

या दोन वाटा एकत्र आल्या त्या 'हिमालयाची सावली'मध्ये, १९७२ साली. डॉ. श्रीराम लागूंच्या नानासाहेब भानूंमागे महर्षी धोंडो केशव कर्वे आहेत, हे लपलेले नव्हते. मग नाव का बदलले? चरित्रकार खऱ्या नावाला बांधलेला असतो. प्रत्येक वाक्याचा जाब त्याला द्यावा लागतो. नाव बदलले की लेखकाला स्वयंपाकघरातले भांडणही लिहिता येते. म्हणूनच या नाटकाचा जीव भानूंइतकाच बयोत आहे. शांता जोगांनी उभी केलेली ही बायको थोर माणसाच्या संसाराची झळ सोसते आणि तोंडावर बोलूनही दाखवते.

खऱ्या बाया कर्वे, म्हणजे आनंदीबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. १८९३ मध्ये त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, तेव्हाच्या पुण्यात खळबळ उडवणारा.

बायांनी स्वतःची कहाणी 'माझे पुराण' या आत्मचरित्रात सांगून ठेवली आहे. आधी ते वाचा, मग लगेच 'हिमालयाची सावली' हातात घ्या. कानेटकरांनी काय घेतले, काय सोडले आणि काय स्वतःचे घातले, हे तुमचे तुम्हीच ताडून पाहा.